बत्तिसावी वीट

कोल्चानीच्या शाळेला छापील तक्ता परवडत नव्हता,
म्हणून प्रिमितिवा बाईंनी
डॉन लेओकादिओकडून मिठाच्या विटा उसन्या आणल्या.
बोली आठवड्याची.
पटांगणात त्या मांडल्या आडव्या अठरा,
मधली जागा मोकळी सोडून,
आणि चुलीतल्या कोळशाने एकेकीवर नाव घातलं.

नाव ऑक्सिजन, नाव लोखंड, नाव सोनं;
वीट मात्र प्रत्येक सोडियम-क्लोरिनचीच.
आम्ही हसलो.
"हसा, पण चाला," बाई म्हणाल्या.

लिथियमपासून उजवीकडे चालताना
त्या दर विटेला शाल थोडी आवळायच्या.
"केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढतो, कवच तेच.
ओढ वाढते. अणू आक्रसतो."
फ्लोरिनपाशी पोचेतो बाईंचं मुटकुळं झालेलं,
जुलैची सकाळ, उणे अकरा,
तेव्हा सगळंच काही सोंग नव्हतं.

मग वरून खाली: लिथियम, सोडियम, पोटॅशियम,
शाल सैल, अजून सैल.
"दर पायरीला नवं कवच चढतं.
लिथियमकडून शेवटचा इलेक्ट्रॉन काढायला जोर लागतो.
खाली सीझियमच्या हातून तो
बोलता बोलता निसटतो."

माझा भाऊ फिदेन्सिओ तेव्हा कलामात होता,
तांब्याच्या खाणीवर. फोन नाही, पत्र नाही.
मी हात वर केला:
बाई, म्हणजे जो मधल्यापासून लांब...
"नाही. इलेक्ट्रॉनला घर आठवत नाही.
माणसांची उदाहरणं परीक्षेत लिहायची नाहीत."

नायट्रोजननंतर ऑक्सिजनशी चढण घसरते,
तिथे त्या मुद्दाम थांबल्या.
"एकाच खोलीत दोघे कोंबले की
एकमेकांना खपत नाहीत, एक लवकर बाहेर पडतो.
चढ म्हणजे प्रत्येक पायरी वरच, असं नसतं.
घसरलात तिथे कारण लिहा, गुण कारणाला आहेत."

आणि एक तिरकी रेघ, लिथियमपासून मॅग्नेशियमकडे.
उजवीकडे गेलं की अणू लहान, खाली गेलं की मोठा,
तिरकं गेलं की हिशेब जवळजवळ फिटतो.
सख्खे नाहीत, पण तोंडवळा एक.
सेवेरिनो म्हणाला, माझे काका कारखान्यात
दिवसभर हेच करतात,
खाऱ्या पाण्यातून या दोघांना वेगळं.
"मग विचार त्यांना, किती जड जातं."

बुधवारी रात्री एका लामाने क्लोरिन चाटला.
विटेवर काळी लाळ, नाव गायब.
बाईंनी पुन्हा लिहिलं, काही बोलल्या नाहीत.

गुरुवारी ट्रक आला.
हॉटेलच्या भिंतीला सात विटा कमी पडत होत्या,
ड्रायव्हरने नाव-गाव न बघता
धड दिसल्या त्या उचलल्या.
सिलिकॉनखालची जागा रिकामी. खाली ओली माती.

आम्हाला वाटलं, तास बुडाला.
बाई त्या खड्ड्याशी उकिडव्या बसल्या:
"कोण गेलं, सांगू नका. कसं होतं ते सांगा.
शेजाऱ्यांना विचारा."

वर सिलिकॉन, घनता दोन पॉइंट तीन.
खाली कथील, सात पॉइंट तीन.
जोव्हानाने बोटांवर बेरीज केली, निम्मी केली:
चार पॉइंट आठ.
वरच्यापेक्षा थोडा जास्त धातू,
खालच्याइतका नाही. रंग राखाडी असावा.
बाईंनी पुस्तक उघडलं: जर्मेनियम. पाच पॉइंट तीन.
"अर्ध्याने चुकलात," म्हणाल्या,
आणि इतक्या खूश आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ती वीट आता कुठल्यातरी पाहुण्याच्या उशाशी आहे,
कोळशाची बाजू आत.

त्या रात्री आईने विचारलं नाही, मीच धरलं:
वर तेओफिला, बोलून टाकणारी.
खाली मी, मनात ठेवणारी.
मधला तो. आता एकोणीस वर्षांचा.
आज काहीतरी अर्धवट बोलला असेल कोणाशीतरी.

अर्ध्याने चुकेल.
परीक्षेत लिहिणार नाही.